नऊ वर्षांचा बाप

"चपला जिन्यात. आणि पदर खोच, नाहीतर चार पिढ्या झाडून नेशील."

आप्पा मणेरीकर हे मला रोज दारातच सांगायचे, तेही मान वर न करता. ते फरशीवर मांडी घालून बसलेले असायचे आणि त्यांच्याभोवती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जाड कागदाच्या चिठ्ठ्या मांडलेल्या असायच्या. एकेका चिठ्ठीवर एकेका पुस्तकाचं नाव. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर तंबोऱ्याची एक मोडकी खुंटी. एका चिठ्ठीपासून दुसरीपर्यंत पांढरा दोरा. मी पायाची बोटं टेकवत, पुस्तकांच्या आज्या-पणज्यांना ओलांडत माझ्या कोपऱ्यात जाऊन बसायची.

ही गोष्ट मिरजेतली. खाली दस्तगीरभाईंचं सतार-तंबोऱ्यांचं दुकान आणि वर आमचं वंशविद्या मंडळ. मंडळ म्हणजे आप्पा आणि मी. मी नुकतीच इतिहास घेऊन एम. ए. झाले होते, घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि तोवर पोरीनं कुठंतरी बसावं म्हणून मला आप्पांकडे धाडलं होतं. काम मात्र खरं होतं. वंशावळी कशा वाचाव्यात, त्यांच्यावर विश्वास किती ठेवावा, यावर इतिहासवाल्यांनी, कायदेवाल्यांनी, समाजशास्त्रवाल्यांनी आजवर जे जे अभ्यासून लिहिलं, त्या सगळ्याची एक सूची करायची. आप्पांना ती जाण्याआधी छापून हवी होती. जाण्याआधी म्हणजे कुठं, ते त्यांना विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि जिना चढताना ते मध्येच थांबून दस्तगीरभाईंशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायचे, एवढं मी बघत होते.

आल्या आल्या मी शहाणपणा करून पाहिला होता. म्हटलं, "आप्पा, लेखकांच्या नावानं अकारविल्हे लावू या."

"मतदारयादी आहे का ही?"

"मग विषयवार? इतिहास वेगळा, कायदा वेगळा?"

"वैजू, ही विद्या घराण्यांची. तिची पुस्तकंसुद्धा घराण्यासारखीच लावायची. कुठलं पुस्तक कुणाच्या पोटी आलं, ते शोधायचं. ते आपोआप कळतं. पुस्तकाची चेहरेपट्टी असते."

आणि गंमत म्हणजे ती असायची. एखाद्या पुस्तकाची प्रस्तावना वाचावी आणि वाटावं, हे नाक कुठंतरी पाहिलंय. नियम साधे होते. छापल्याचं साल तेच जन्माचं साल. प्रत्येक पुस्तकाला एक जनक, त्याच्यापासून एक दोरा. जनक सापडलाच नाही तर ते पुस्तक काश्यप. गोत्र ठाऊक नसलेल्या यजमानाला भटजी काश्यप म्हणवून मोकळे होतात, तशी आमची सोय. खिडकीखाली काश्यपांची एक लांब ओळ होती आणि माझा जीव तिच्यातच जास्त होता.

दुपारी खाली तंबोरे लागायचे. दस्तगीरभाई तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढत बसायचे. एकच सूर पुन्हा पुन्हा, आधी कोरडा, मग हळूहळू भरत जाणारा. तो फरशीतून वर यायचा आणि माझ्या पोटऱ्यांत शिरायचा. आप्पा भिंतीला टेकून डोळे मिटायचे. मीही अर्धवट पेंगायची. तेव्हा ती सगळी पुस्तकं लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी आपापसांत कुजबुजायला लागायची. तू अमक्याचा ना, मोठा झालास की, तुझ्या थोरल्याचं काय झालं. त्या कुजबुजीतून जाग आली की क्षणभर मला आपण कुठल्या घरातल्या तेच आठवायचं नाही. इतकं सुख मला त्यानंतर कुठल्या नोकरीत मिळालं नाही.

सगळ्या पुस्तकांना जागा मिळाली, पण आप्पांच्या स्वतःच्या पुस्तकाला मिळेना. 'गाळलेली नावं' हे त्याचं नाव. तरुणपणी लिहिलेलं ते एकच पुस्तक, पण त्याच्यावर आप्पांचा सगळा लौकिक. त्याची चिठ्ठी मी पहिल्याच आठवड्यात लिहून दिली होती. ती आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

"याला कुठं ठेवायचं?" मी अधूनमधून विचारायची.

"बघू."

"काश्यपात ठेवू?"

"बघू म्हटलं ना."

सांगलीचा छापखानेवाला मजकूर मागत होता आणि आप्पांचं हे बघू चालूच होतं. मला वाटायचं, माझ्या लक्षात आलंय. लौकिक झाला, सत्कार झाले, पण त्या पुस्तकाला धरून पुढं कुणी काही लिहिलंच नव्हतं. त्याच्यापासून खाली एकही दोरा निघत नव्हता. आमच्या भाषेत ते पुस्तक निर्वंश होतं, आणि आपल्याच हातानं ते तसं फरशीवर मांडायचं त्यांच्या जिवावर येत होतं. मला फार वाईट वाटायचं. मी मनाशी ठरवलं की या पुस्तकाला एक तरी लेकरू शोधून द्यायचंच.

ते कोल्हापूरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याच्या गठ्ठ्यात सापडलं. 'वंशावळींतील खंड', लेखिका द्वारका शिंत्रे, गडहिंग्लज, स्वतःच छापलेलं. आप्पांच्या पुस्तकानंतर सहा वर्षांनी. मी मधलंच पान उघडलं आणि ताठ बसले. एका घराण्याच्या इनामांच्या सालांचा हिशेब लावून बाईंनी दाखवलं होतं की वंशावळ खरी मानली तर त्यातला एक पुरुष वयाच्या नवव्या वर्षी बाप झाला. नऊ वर्षांचा बाप नसतो, म्हणजे मधलं एक माणूस गाळलंय. ते कोण होतं आणि कुणाला नकोसं झालं, हे विचारलं पाहिजे. हेच घराणं, हाच नऊ वर्षांचा बाप आप्पांच्या पुस्तकात होता. तिथंही पुस्तकाचा कणा तोच होता.

आप्पांच्या नावाचा उल्लेख मात्र बाईंच्या पुस्तकात शोधून सापडला नाही. एका जुन्या मासिकात त्या पुस्तकावर परीक्षण मिळालं. त्यात 'मणेरीकरांवरून केलेली उघड उचलेगिरी' असे शब्द होते. मला राग आला, पण आनंद जास्त झाला. चोरून का होईना, घराण्यात लेकरू आलं होतं. आप्पा यायच्या आत मी त्यांच्या पुस्तकाची दुसरी चिठ्ठी लिहिली, काश्यपांच्या ओळीत ठेवली आणि तिच्याखाली दोरा सोडून बाईंची चिठ्ठी लावली. दोन्हींवर त्यातल्या त्यात चांगल्या खुंट्या.

आप्पा आले. खिडकीपाशी वाकले, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

"हे कुणी लावलं?"

"मी. लेक मिळाली तुमच्या पुस्तकाला."

आप्पांनी चिठ्ठी होती तिथं ठेवली, खुंटी नीट आडवी केली आणि ते जिना उतरून गेले. खालून दस्तगीरभाईंनी विचारलेलं मला ऐकू आलं, "आज लौकर व्हय आप्पा?" उत्तर ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ते फरशीवर नव्हते, खुर्चीवर होते. खुर्चीवर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"वैजू, तो दोरा उलटा आहे."

"साल बघूनच लावलाय, आप्पा."

"छापल्याचं साल बघितलंस. लिहिल्याचं कुठं बघितलंस? तो नऊ वर्षांचा बाप द्वारकेनं शोधला. आम्ही कोल्हापूरला एकाच सरांकडे होतो. तिनं प्रबंध लिहून काढला आणि शुद्धलेखन बघायला मला दिला. माझ्याकडे तो पावसाळाभर होता. मी नुसतं शुद्धलेखन बघितलं नाही."

माझी नजर खिडकीखालच्या त्या दोऱ्याकडे गेली.

"माझं पुस्तक छापून आलं आणि नंतर तिचा प्रबंध परीक्षकांपुढं गेला. त्यांना वाटलं, तिनं उचललं. मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, विषय दोघांच्या बोलण्यातला होता. शुद्ध खोटं. मग त्यांनी विचारलं, आधी कुणी लिहिलं? तेव्हा मी काहीच बोललो नाही. न बोलण्याचा अर्थ त्यांनी लावायचा तो लावला. तिला पदवी मिळाली नाही. गावी जाऊन मुलींच्या शाळेत लागली. पुढं पदरमोड करून तिनं तो छापला, तर त्याच्यावरही तेच लिहून आलं."

"मग तुम्ही तेव्हा तरी..."

"नाही."

ते खुर्चीवरून उठले, एक हात भिंतीला लावून गुडघे टेकले, आणि खिशातली चिठ्ठी काढली. मी लावलेली दुसरी चिठ्ठी काढून टाकली, द्वारकाबाईंची वर सरकवली. आपली तिच्याखाली ठेवली. मग दोरा बांधायला गेले, पण त्यांना टोक दिसेना. मी जाऊन बांधला. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांचे ते वाळलेले पाय बघून रडूही येत होतं.

"प्रस्तावनेत चार ओळी लिहून घे," ते म्हणाले. "तिनं उचललं नाही, मी उचललं. गडहिंग्लजला जा आणि तिला वाचून दाखव. ती हो म्हणाली तरच छापायचं. नाही म्हणाली तर सगळी सूचीच राहू दे."

"तुम्हीच चला की. गाडी करू."

"मला तेवढी छाती नाही, वैजू."

मी एस. टी.नं कोल्हापूर गाठलं आणि तिथून गडहिंग्लज. सगळी वाट ऊन आणि उसाच्या तुऱ्यांची होती. खिडकीला डोकं टेकून मी त्या पांढऱ्या तुऱ्यांकडे बघत राहिले आणि मला वाटत राहिलं की आपण कुणाच्या तरी फार जुन्या स्वप्नात निरोप घेऊन चाललोय.

द्वारकाताई अंगणात पोत्यावर बसून सुपातल्या वाळल्या मिरच्यांची देठं खुडत होत्या. उंच, सडसडीत, पांढरे केस करकचून बांधलेले. मी मिरज म्हटल्याबरोबर त्यांचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"दिनकरनं पाठवलं व्हय? बस की. दिसतंय का त्याला अजून?"

"कमी दिसतं." आप्पांना दिनकर म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

"तरुणपणी पण कमीच दिसायचं. वाच, काय आणलंयस ते."

मी वाचलं. मिरच्यांच्या खकाण्यानं मला दोनदा शिंका आल्या, ताईंना एकही नाही. वाचून झाल्यावर त्या कितीतरी वेळ देठं खुडत राहिल्या. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, बाईंना हो म्हणू दे.

"फरशीवर लावलंय म्हणतेस. कसं लावलंय ते सांग."

मी खुंट्या, दोरे, काश्यप सगळं सांगितलं. आता त्यांचं पुस्तक वर आहे आणि आप्पांचं खाली, तेही सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"आणि एका पुस्तकाला दोरे किती?"

"एक. जनकापासून."

"एकच?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "वंशावळी वाचून वाचून डोसकं तसंच झालं बघ तुमचं. बापाखाली पोरगा, त्याच्याखाली त्याचा पोरगा. पुस्तकाला आई नको व्हय गं?"

दोन वर्षं मी त्या फरशीवर दोरे बांधत होते आणि हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आप्पांच्याही आलं नसावं.

"माझं वर काढून त्याचं खाली ठेवलं, एवढ्यानं खरं होत नाही," त्या म्हणाल्या. "उलटं खोटं होतं, सुलटं पण खोटंच हाय."

"म्हणजे नाही म्हणताय?"

"हो न्हाई आणि नाही न्हाई. उद्या तुझ्यासंगं येते. कागद वाचून दाखवला म्हणजे सांगितलं असं होत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मिरजेच्या जिन्यात चपला काढत होत्या. खाली एक तंबोरा लागत होता. वर आप्पा दाराकडे पाठ करून बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, ताई आल्यात." त्यांची पाठ हलली नाही. ताई पायऱ्या चढून आल्याची धापसुद्धा न दाखवता उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि सगळ्या फरशीवरून नजर फिरवली. मग पदर खोचून, एकाही चिठ्ठीला धक्का न लावता, चालत आत आल्या. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी हे कुणाला पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं.

"दिनकर."

"बस, द्वारके."

"बसते. आधी बोल."

आप्पा वळले. त्यांना ताईंचा चेहरा दिसत नसावा, कारण ते त्यांच्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत होते. ओठ दोनदा हलले. मला वाटलं, आता हे पुन्हा गप्प बसणार.

"तू चोरलं नव्हतंस," ते म्हणाले. "मी चोरलं होतं. परीक्षकांपुढं मला ते सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण माझं पुस्तक छापून आलं होतं आणि मला ते हवं होतं."

ताई हळूच खाली बसल्या, आप्पांच्या समोरच, दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत. मग त्यांनी विचारलं, "परीक्षकांना काय सांगितलंस तू?"

"विषय दोघांच्या बोलण्यातला होता म्हणून."

"ते खोटं होतं?"

"होतंच की."

"रंकाळ्यावर फिरताना मी तुला ती वंशावळ म्हणून दाखवत होते. सगळी तोंडपाठ होती मला. तू मध्येच म्हणालास, द्वारके, असलेली नावं किती मोजशील, नसलेली मोज की. आठवतंय?"

आप्पांनी मान हलवली. त्यांना आठवत नव्हतं.

"मी त्याच रात्री मोजायला घेतली. तोवर मला ते सुचलं नव्हतं. सगळा प्रबंध मी लिहिला, पण प्रश्न तुझा होता, आणि मी कुठं तुझं नाव घातलं नाही. मला वाटलं, एवढं दिलं तर लोक सगळंच तुझं म्हणतील. शेवटी म्हणालेच." त्यांनी पुढ्यातली एक खुंटी सरळ केली. "गाळलेली नावं शोधायला निघालो दोघं, आणि पहिलं काम काय केलं? तू माझं गाळलंस, मी तुझं."

एवढी वर्षं ज्याला आप्पा खोटं समजत आले होते ते खरं होतं, आणि ते त्यांना ताईंकडून कळत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"म्हणजे तू मला..."

"मी काही सोडलेलं नाही," ताई म्हणाल्या. "तू खोटं म्हणून बोललास ते खरं निघालं. आणि खरं विचारलं तेव्हा गप्प बसलास. ते मी विसरणार नाही, मरेपर्यंत. पण मला न्याय करायचा तर पुरता करायला पाहिजे. त्या चार ओळी छाप. त्यांच्याखाली माझ्या चार ओळी घाल. ही पोरगी लिहून घेईल."

मी कागद घेतला. ताईंनी सांगितलं ते लिहिलं. लिहिताना अक्षर वाकडं आलं, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

मग ताईंनी फरशीवर पुन्हा एकदा नजर टाकली. खिडकीतून आलेलं ऊन काश्यपांच्या ओळीवरून सरकत होतं. खालचा सूर आता भरला होता आणि कुणीतरी तो नुसताच छेडत बसलं होतं. आम्ही तिघं त्यात बसून राहिलो. मला वाटलं, या खोलीत आता आणखी काही घडायला नको.

"आणि हे?" ताईंनी हात फिरवला. "प्रत्येकाला एकच दोरा लावून ठेवलाय. हे असं छापणार?"

"मग काय करायचं?" आप्पा म्हणाले.

"पहिल्यापासून लावायचं. एकेक पुस्तक घ्यायचं आणि विचारायचं, याला दुसरं कोण होतं? बापाचं नाव लागलंय, आईचं कुठं गेलं? प्रश्न कुणी विचारला, कागद कुणी दिले, मोजून कुणी काढलं?"

आप्पा त्या पांढऱ्या दोऱ्यांच्या जाळ्याकडे बघत राहिले. त्यांना ते धूसर दिसत असणार.

"एवढं सगळं पुन्हा लावायला मला आयुष्य पुरायचं नाही, द्वारके."

ताईंनी जवळची एक चिठ्ठी उचलली, हातभर लांब धरून तिच्यावरचं नाव वाचलं.

"नाही पुरलं तर मी लावीन," त्या म्हणाल्या. "तुझं नाव घालून."